तिसरा माणूस

"अहवालातली मुलाखतींची पानं काढून टाका," साहेब म्हणाले. "आकडे पुरेत. बाकी नुसत्या गप्पा आहेत."

अहवाल ताईने लिहिला होता. उमेदीची वर्षं रुग्णवाहिकेवर घालवून ती संशोधनाकडे वळली होती. खात्यात सगळे तिला ताईच म्हणत. या अभ्यासात तिने दोन्ही केलं होतं. गाड्यांच्या वेळा तपासल्या होत्या आणि गाडीवरच्या माणसांना जवळ बसवून बोलतं केलं होतं. आकड्यांवरून दिसत होतं, की गाड्या झटकन पोहोचतात आणि मग तिथेच रेंगाळतात. तेवढ्यावर, माणसं रिकामी बसतात असं धरून, साहेबांनी हुकूम काढला होता: गाडीवर दोघे पुरेत, पुढल्या महिन्यापासून तिसरा माणूस बंद.

गप्पांमधून निघालं भलतंच. उशीर झाला की बोलणी बसत, म्हणून इमारतीचं फाटक दिसलं रे दिसलं की 'पोहोचलो'चं बटण दाबायची गाडीवाल्यांना सवयच जडली होती. रुग्ण मात्र वर कुठेतरी, अरुंद जिन्यांच्या टोकाला. त्याला खुर्चीत बांधून खाली आणेपर्यंत जीव मेटाकुटीला येई. ते झटकन पोहोचतही नव्हते आणि रेंगाळतही नव्हते.

"ही पानं राहिली तर वेळेत पोहोचण्याची आपली शान गेली की हो!"

"जाऊ दे साहेब. खोटीच होती."

"असं? मग बटण आधी कोण दाबतं त्यांची नावं द्या."

"नावं सांगणार नाही असा शब्द दिलाय त्यांना."

"तुम्हालाच या कामावरून काढलं तर?"

"काढा. पानं निघणार नाहीत." ताईचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "नावं नाही, पण जिना दाखवते. चला."

तिने खाली उभ्या गाडीवरच्या एका धिप्पाड पैलवानाला खुर्ची घेऊन वर, कचेरीच्या जिन्याच्या टोकाशी बोलावलं. तो रुग्णाच्या खुर्चीत ऐसपैस बसला. "साहेब, आत्ताच पोटभर जेवलोय, सांभाळून हं!"

साहेबांनी वरची मूठ धरली, ताईने पायाकडची. पहिल्याच वळणावर खुर्ची भिंतीला घासली, साहेबांची बोटं चेंगरली.

"थांबा, थांबा! अहो, कोणीतरी मधे धरा!"

"कोण धरणार?" ताई म्हणाली. "तिसरा माणूस तुम्हीच बंद केलात ना?"

साहेब धापा टाकत राहिले. पैलवानाला दया आली. "मी उतरतो, ताई."

"बसून राहा," ताई म्हणाली. तिची पकड तसूभरही सैल झाली नाही. "रुग्ण कुठे उतरतो? चला साहेब, अजून बराच जिना आहे."