कमी दमाचा आठवडा

काचेच्या कारखान्यात तिला सगळे धाकटी म्हणत. मोठ्या भट्टीवर काम मागणारी ती सर्वांत नवी, आणि पहिलीच बाई. या भट्टीवर दिव्यांचे मोठाले गोल फुंकले जात. लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेली काच घ्यायची, नळी फिरवत राहायची आणि फुंकत जायचं. धाकटीचे गोल एरवी दृष्ट लागण्यासारखे होत, पण मधूनच काही दिवस असे येत की गोल एका अंगाला बसायचा. "हिचं लक्षच नसतं," सोबतचे म्हणत. ते तिला फार झोंबायचं. लक्ष असायचं हो, दम कमी पडायचा.

उस्तादांनी परीक्षा ठरवली. पुढच्या महिन्याच्या अखेरीस एक मोठा गोल. जमला तर भट्टीवर जागा, नाहीतर पुन्हा बाटल्यांच्या कामावर. धाकटीने मनात दिवस मोजले. नेमकी तेव्हाच पाळी!

"उस्ताद, आठवडाभर अलीकडे घ्याल?" तिने लाज गिळून विचारलं. "तेव्हा माझी पाळी असते. दम पुरणार नाही."

उस्तादांनी उगाच मिशीवरून हात फिरवला आणि "बरं" म्हणाले.

घरी नणंदेने हे ऐकलं आणि हातातली वाटी खाली ठेवली.

"वहिनी, पाळीत दम कमी होतो हे तुला सांगितलं कुणी?"

"सांगायला कशाला हवं? सगळ्यांनाच माहीत असतं."

नणंदेला दमा होता. श्वासाचा जोर मोजायला डॉक्टरांनी तिला प्लास्टिकचं एक छोटं यंत्र दिलं होतं. जोरात फुंकलं की त्यातला काटा पुढे सरकायचा. तिने तोंडाकडचा भाग धुऊन ते धाकटीपुढे धरलं. "रोज फुंक आणि बघ. श्वास काही नुसत्या फुप्फुसांचा नसतो म्हणे. फासळ्यांमधले स्नायू, छाती-पोटामधला पडदा, सगळे राबतात. महिन्याभरात त्यांचा जोर खालीवर होऊ शकतो, पण प्रत्येकीचा वेगळा."

झालं, घरात वेडच शिरलं. रोज सकाळी फुंकायचं आणि काटा जेवढा सरकेल तेवढ्या उंचीवर स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने रेघ ओढायची. नणंदेच्या रेघा पाळीच्या दिवसांत खाली यायच्या. सासूबाईंची पाळी कधीच थांबलेली, त्यांची रेघ हलायला तयार नाही. "मी आहे तिथेच आहे," त्या ऐटीत म्हणाल्या. "हललात ते तुम्ही."

आणि धाकटीच्या रेघा? त्या उतरल्या पाळीच्या आधीच्या आठवड्यात. पाळी सुरू झाली तशा पुन्हा वर चढल्या. दारामागे उभी राहून ती बघतच राहिली. म्हणजे चांगले दिवस सोडून परीक्षा तिने स्वतःच वाईट दिवसांत ओढून आणली होती! हात दाखवून अवलक्षण ते हेच. पुन्हा दिवस बदलून मागायचा, तर कुठल्या तोंडाने?

परीक्षेच्या सकाळी तिने फुंकून पाहिलं. काटा खालीच. ती घाबरली, पण यंत्र पिशवीत टाकून निघाली.

भट्टीपाशी पहिल्याच फुंकीला छाती रिकामी झाल्यासारखी वाटली. एरवी तिने इथे जीव खाऊन जोर लावला असता, आणि गोल बसला असता. आज तिला माहीत होतं. तिने काच पुन्हा भट्टीत धरली, मऊ केली, थोडीशीच फुंकली, पुन्हा भट्टीत. सोबतचे चुळबुळायला लागले. गोल हळूहळू वाढला, आणि सगळीकडून सारखा.

उस्तादांनी तो उजेडात फिरवून बघितला. "इतक्यांदा भट्टीत का नेलास?"

तिने सगळं सांगून टाकलं, दिवस चुकीचा मागितल्याचंसुद्धा. "आज दम कमी होता, उस्ताद. माहीत होतं, म्हणून जोर नाही लावला."

"बघू ते यंत्र."

तिने ते पुसून दिलं. उस्तादांनी छाती भरून घेतली, गाल फुगवले आणि फुंकलं. काटा तिच्या सकाळच्या आकड्याच्याही कितीतरी खाली थांबला. त्यांनी पुन्हा फुंकलं. काटा तिथेच. उस्तादांचे गोलही पुन्हा पुन्हा भट्टीत जात, हे धाकटीने रोज पाहिलं होतं. ती त्यांची लकब, असंच सगळे समजत.

उस्तादांनी मागे कुणी बघत नाही ना, ते पाहिलं. यंत्र तिच्या हातात ठेवलं, आणि वर आपली नळी.

"उद्यापासून इथे उभी राहा," ते हळूच म्हणाले. "तुझा तो आठवडा आला की मला सांगत जा. माझा तर बाराही महिने असतो."