व्याह्यांच्या पिकअपचे पाटे

मुलीच्या बापानं व्याह्याच्या घरी तोंड उघडायचं ते दोनच कामांसाठी, जेवायला आणि वाहवा करायला. हा नियम मधुकर साळुंखे अकरा वर्षं पाळत आले होते. कराडजवळच्या साखर कारखान्याच्या गॅरेजात त्यांनी चौतीस वर्षं ट्रक-ट्रॅक्टरांच्या चाकांवरचे, ओझं पेलणारे स्प्रिंगचे पाटे बसवले, त्यातली शेवटची बारा फोरमन म्हणून. तिथं त्यांचा आवाज पार ऊस टाकायच्या गव्हाणीपर्यंत ऐकू जायचा. पण थोरली विनिता पुण्याच्या जगतापांकडे दिली आणि त्या घरापुरता त्यांचा आवाज बसला तो बसलाच.

व्याही शिवाजीराव जगताप म्हणजे पॉलिटेक्निकातले प्राध्यापक. वस्तूला किती ताण सोसतो ते तीस वर्षं फळ्यावर गणितं मांडून शिकवलेले. निवृत्तीनंतर ते आणि पत्नी सरलाताई मुलाकडे, म्हणजे विनिताच्या नवऱ्याकडे, सागरकडे, ऑकलंडला राहायला गेले. सागर तिथं शिकायला म्हणून गेला होता, तो तिथल्याच अल्बनी उपनगरात घर करून बसला. दोन हजार अठराच्या जानेवारीत मधुकरराव पहिल्यांदा त्या घरी आले. बायको, आशालता, धाकट्या लेकीच्या बाळंतपणासाठी मागे राहिली होती, पण निघताना तिनं बजावलं होतं, "तिथं फोरमनगिरी करू नका. पोरीचं सासर आहे ते."

आणि नशीब बघा, त्या घराच्या दारातच एक अमेरिकन पिकअप उभी. स्टिअरिंग उजवीकडे बदलून घेतलेली, बैलासारखी रुंद. तिच्यामागे शिवाजीरावांनी हौसेनं घेतलेला फिफ्थ व्हीलर. फिफ्थ व्हीलर म्हणजे चाकांवरचं घरच. साधी कॅरव्हॅन गाडीच्या मागच्या हुकाला जोडतात, तसं याचं नसतं. याची मान पिकअपच्या हौद्यात येऊन बसते आणि घराच्या वजनाचा पाचवा हिस्सा थेट मागच्या ॲक्सलवर येतो. सव्वातीन टनाचं घर. अख्ख्या कुटुंबानं ते घेऊन टाउपोच्या तळ्यावर आठ दिवस जायचं ठरलं होतं, आणि पहिल्यांदा जोडून पाहिलं तेव्हा पिकअपचा पार्श्वभाग म्हशीनं बसकण मारावी तसा खाली गेला होता.

त्यामुळे पहिल्या दिवसापासून घरात एकच विषय. मागचं सस्पेन्शन मजबूत करायचं, पण कसं? जादा पाटे टाकायचे, की हवा भरायच्या रबरी पिशव्या, एअरबॅगा, बसवायच्या, की नुसते रबरी ठोकळे? शिवाजीरावांनी वहीची चाळीस पानं भरली. सकाळी चहाच्या कपाशेजारी ती वही उघडी पडलेली असायची, नेमकी मधुकररावांच्या समोर.

"आता जादा पाटा टाकला तर रिकामी गाडी आदळणार," शिवाजीराव छताकडे बघत म्हणायचे. "एअरबॅगेत हवा कमीजास्त करता येते. पण माणसानं ठरवायचं तरी कसं?"

"तुम्ही ठरवाल ते उत्तमच असेल," मधुकरराव चहात बघत म्हणायचे.

शिवाजीराव उसासा टाकून वही मिटायचे. मधुकररावांना वाटायचं, विद्वान माणूस, स्वतःशी बोलतोय. आपण नववी आणि आयटीआय. मध्ये तोंड घालायचं काय कारण?

खरं तर त्यांच्या जिभेला नुसती खाज सुटलेली असायची. एकदा वहीत पाट्याची जाडी चुकीची धरलेली त्यांना उलटी बाजू असूनही दिसली. ते उठून बागेत गेले आणि लिंबाच्या झाडाला पाणी घालून आले. झाडाला सकाळीच पाणी घातलेलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात शिवाजीराव त्यांना ईस्ट टामाकीतल्या एका सस्पेन्शनच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. "नुसतं बसायला या, करमणूक होईल," असं म्हणून. ग्रीस आणि तापल्या लोखंडाचा वास नाकात गेला आणि मधुकररावांना इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की ते दारातच जरा थांबले. हेमी नावाच्या आडव्या बांध्याच्या माओरी मेकॅनिकनं "किआ ओरा" म्हणून हात पुढं केला. त्यानं मधुकररावांच्या तळव्यावरचे घट्टे बघितले, मग चेहरा बघितला, आणि पुढचं सगळं तो त्यांच्याकडेच बघून सांगू लागला. भाषा अर्धी कळत होती. पण हेमी बोटानं जिथं जिथं दाखवत होता तिथं तिथं मधुकररावांची मान आपोआप हलत होती.

"यातलं कुठलं बरं, कुणास ठाऊक," शिवाजीराव पुन्हा छताकडे बघत म्हणाले.

"तुमचा निर्णय तो आमचा निर्णय," मधुकरराव म्हणाले, आणि हलणारी मान त्यांनी आवरली.

एअरबॅगा ठरल्या. ते एका अर्थी बरोबरच होतं, रिकाम्या गाडीला त्रास नाही आणि लादली की हवा भरायची. काम झाल्यावर हेमीनं गाडीच्या दारावरच्या, ओझ्याची मर्यादा लिहिलेल्या स्टिकरवर बोट ठेवलं. या बॅगांनी गाडी सरळ उभी राहील, पण तिची ताकद काडीचीही वाढणार नाही, सगळं सामान भरून एकदा वजनकाट्यावर घालाच, असं तो दोनदा म्हणाला. शिवाजीराव "येस, येस, शुअर" म्हणाले. "स्वीट ॲज," म्हणजे सगळं मस्त, असं तिथल्या बोलीत म्हणत हेमीनं चावी दिली. परत येताना वजनकाट्याचा विषय शिवाजीरावांनी काढला नाही आणि व्याह्यांनी काढला नाही म्हणून मधुकररावांनीही नाही.

निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, घर जोडलं. तिथं उन्हाळ्यात आठ वाजेपर्यंत ऊन असतं. सगळे दारात जमले. शिवाजीरावांनी रिमोटचं बटण दाबलं, बॅगा फुगल्या, आणि बसकण मारलेली पिकअप हळूहळू उठून ताठ उभी राहिली. सागरनं शिट्टी वाजवली. नऊ वर्षांची नात जुई "सो कूल, आजोबा!" म्हणून नाचली. सरलाताईंना तर इतका भरवसा आला, की त्यांनी लोखंडी खलबत्ताही आणून पुढच्या कप्प्यात ठेवला. तो कप्पा बरोब्बर मानेवर होता. त्यात आधीच दोन कुकर, तांदळाची गोणी, लोणच्याच्या बरण्या आणि दोन गॅस सिलिंडर होते. टाकीत दीडशे लिटर पाणी. वरून पिकअपमध्ये सहा माणसं बसणार.

मधुकरराव एकटेच टाळ्या वाजवत नव्हते. ते वाकून ताठ उभ्या गाडीच्या मागच्या चाकांकडे बघत होते.

कारखान्यात त्यांच्या वेळी एक ट्रक होता. मालकाला खेपा कमी आणि ऊस जास्त हवा होता. त्यानं दोन जादा पाटे टाकायला सांगितले. मधुकर तेव्हा नुकते लागलेले. त्यांना कळत होतं, की पाटे पेलतील, ॲक्सल पेलणार नाही. पण मालकापुढे बोलायचं कसं म्हणून त्यांनी मुकाट्यानं पाटे टाकले. ट्रक भरला तरी ऐटीत उभा राहिला. सगळे म्हणाले, बघा, वजन जाणवतसुद्धा नाही. आठव्या दिवशी ओढ्याच्या उतारावर ॲक्सल मोडला. ड्रायव्हरच्या पायात आयुष्यभराचा लोखंडी गज बसला. तो माणूस भेटला की अजूनही आधी मधुकररावच खाली बघतात.

"बाबा, चला, फोटो काढू," विनितानं हाक मारली. ती पिकअपच्या मागच्या सीटवर चढून बसली होती, जुई तिच्या मांडीला टेकून.

"खाली उतर," मधुकरराव म्हणाले.

"काय?"

"तू आणि पोरगी खाली उतरा. उद्या या गाडीत तुम्ही बसणार नाही."

गव्हाणीपर्यंत जाणारा आवाज अकरा वर्षांनी त्या ड्राइव्हवेवर बाहेर पडला. शेजारचा कुत्रासुद्धा भुंकायचा थांबला.

"बाबा!" विनिता सासऱ्यांकडे बघत दबक्या आवाजात म्हणाली. "पप्पा किती दिवस या ट्रिपची वाट बघतायत. प्लीज हं."

शिवाजीराव रिमोट हातात धरून उभे होते. "का?" त्यांनी विचारलं. एवढंच.

आता बाण सुटलाच होता. "गाडी वर आली, शिवाजीराव, पण ओझं कुठं गेलं? ते तिथंच आहे. आधी गाडी बसत होती, म्हणजे निदान बोंबलून सांगत तरी होती. आता तुम्ही तिचं तोंड बंद केलंय. ॲक्सल तोच, ब्रेक तेच, टायर तेच. माझ्या अंदाजानं मागच्या ॲक्सलवर दोन-अडीचशे किलो जास्त आहे. हेमी पण तेच सांगत होता. वजनकाट्यावर घातल्याशिवाय ही गाडी फाटकाबाहेर जाता कामा नये."

शिवाजीरावांनी रिमोट सरलाताईंच्या हातात दिला आणि ते वळून गॅरेजमध्ये निघून गेले. कुणीही कुणाकडे बघेना. मधुकररावांच्या डोळ्यांपुढे आशालता उभी राहिली. झालं, त्यांना वाटलं. पोरीच्या संसारात माती कालवली आपण.

दोन मिनिटांनी शिवाजीराव बाहेर आले. हातात एक सतरंजी आणि दोन जुने शर्ट होते. एक शर्ट त्यांनी मधुकररावांपुढे धरला.

"हा घाला, अंगातला खराब होईल. गाडीखाली जायचंय ना?"

मधुकररावांनी शर्ट घेतला आणि अंगातल्यावरूनच चढवला.

"तीन आठवडे वाट बघतोय मी तुमच्या तोंडातून हे निघायची," शिवाजीराव म्हणाले. "रोज वही तुमच्या नाकाखाली ठेवली. वर्कशॉपात नेलं. आणि तुम्ही आपले, तुम्ही ठरवाल ते उत्तम! अहो, मी आयुष्यात सायकलच्या कॅरिअरला सिलिंडरसुद्धा बांधलेला नाही. मला काय उत्तम ठरवता येणार? रात्री झोप लागत नाही भीतीनं."

"मग विचारायचं नाही का सरळ?"

"व्याह्याला? तीन महिन्यांसाठी आलेल्या पाहुण्याला म्हणू, घाला डोकं गाडीखाली? माझ्या तोंडातून निघेना ते. आणि हेमीचं मला ऐकू आलं होतं. आकडा वाईट आला तर ट्रिपच मोडेल म्हणून गप्प बसलो."

"म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवत होता तुम्ही!" मधुकररावांच्या तोंडून गेलं, आणि गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पण शिवाजीराव हसत सुटले होते. मग सागर हसला. विनिता मात्र गाडीतून उतरून बापाजवळ आली आणि त्यांच्या शर्टाची बटणं लावू लागली. एक बटण तिनं चुकीच्या काजात घातलं. मधुकररावांनी ते तसंच राहू दिलं.

सकाळी सातला, सागरची गाडीही बरोबर घेऊन, सगळा लवाजमा एका खडी-वाळूच्या यार्डातल्या काट्यावर गेला. मागच्या ॲक्सलची मर्यादा सतराशे पन्नास किलो. काट्यानं दाखवले एकोणीसशे नव्वद. शिवाजीरावांनी आकडा बघितला, मग मधुकररावांकडे बघितलं आणि कानाची पाळी धरली.

मग उतरवाउतरव सुरू झाली. पाण्याची टाकी रिकामी केली, पाणी तळ्यावर मिळणारच होतं. कुकर, गोणी, बरण्या सागरच्या गाडीत गेल्या. खलबत्त्यासाठी सरलाताई थोड्या अडून बसल्या, शेवटी तो मांडीवर घेईन म्हणाल्या. पुन्हा काटा. सतराशे नव्वद. सिलिंडरांपैकी एक यार्डवाल्याकडे ठेवायला दिला. तरीही थोडं जास्तच. आता माणसंच उरली होती. मागची सीट पूर्ण रिकामी करून काटा एकदाचा सतराशे वीसवर थांबला आणि गाडीचं तोंड मोकळं राहावं म्हणून मधुकररावांनी एअरबॅगांतली हवाही बरीच कमी करायला लावली.

"म्हणजे पिकअपमध्ये फक्त दोघंच," सागर म्हणाला. "बाकी सगळे माझ्या गाडीत. आई, तू पप्पांबरोबर बस."

"ती नको," शिवाजीराव म्हणाले. "तिला ॲक्सलमधलं काय कळतं? मधुकरराव बसतील."

सरलाताईंनी नाक मुरडलं. पण त्या खलबत्ता घेऊन नातीशेजारी जाऊन बसल्या.

शहर मागे पडलं. बॉम्बे नावाच्या टेकडीचा चढ लागला तशी पिकअप डाव्या लेनमधून घुमत घुमत वर चढू लागली. शिवाजीरावांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरलं होतं.

"गिअर खालचा घ्या," मधुकरराव म्हणाले.

"इंजिन ओरडेल."

"ओरडू द्या. ओरडणाऱ्या गाडीची काळजी नसते."

"मॅन्युअलमध्ये लिहिलंय—"

"मॅन्युअल लिहिणारा या चढावर आला होता का? आणि उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, तापतील. चुकतंय तुमचं!"

"अहो, मी चालवतोय की तुम्ही?"

"चालवता तुम्हीच, पण बाजूला मी बसलोय ना!"

उजव्या लेनमधून सागरची गाडी शेजारी आली. खिडकीला नाक लावून जुई बघत होती. एक आजोबा स्टिअरिंगवर थापा मारत होते, दुसरे दोन्ही हात हवेत फिरवत होते. गाडी पुढे निघून गेली आणि लगेच मधुकररावांचा फोन वाजला, पलीकडे जुई.

"आबा, आर यू टू फायटिंग? मम्मा इज वरीड."

मधुकररावांनी शेजारी बघितलं. शिवाजीरावांनी बडबडत का होईना, गिअर खालचा घेतला होता.

"हो, भांडतोय," मधुकरराव म्हणाले. "आईला सांग, झकास चाललंय."