सुहासिनीताईंचा रेकॉर्डर

मी एक जुना व्हॉइस रेकॉर्डर आहे, मित्रांनो. तळहाताएवढा. माझं लाल बटण आता रुतून बसलं आहे.

इंदूरच्या एका दैनिकात सुहासिनीताई धर्माच्या बातम्या लिहीत. अठरा वर्षं मी त्यांच्या पर्समध्ये राहिलो. जैन मुनींची प्रवचनं, मशिदीतले मौलाना, महूच्या विहारातली वंदना, सगळं मी ऐकलं. माणूस बोलला तेवढंच ताई लिहीत, म्हणून सगळ्या धर्मांचे लोक त्यांच्यावर विश्वास ठेवत. "हा माझा तिसरा कान," असं त्या कौतुकाने सांगत.

गेल्या वर्षी विजय नगरकडच्या मैदानात एका महाराजांचं प्रवचन होतं. खास पाहुण्यांच्या गाडीला वाट मोकळी राहावी म्हणून आयोजकांनी फाटक बंद ठेवलं. आत चेंगराचेंगरी झाली आणि संहिता नावाची तरुण बाई गेली.

दवाखान्याच्या बाकावर तिची सासू द्वारकाबाई बसली होती. ताईंनी मला तिच्यापुढे धरलं.

"फाटकाला ताला होता हो! माझी सून ओरडत होती, 'खोल दो भिया, खोल दो!' कुणी उघडलंच नाही. मंचावर भजन चालूच. हे छापाल ना, ताई?"

"छापीन. शब्द देते."

ऑफिसात संपादक पियुषजी म्हणाले, "ताई, आस्थेचा मामला आहे. चक्कर येऊन गेली, असं लिहून टाका ना."

"माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे."

"तेच तर डिलीट करा. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत, कशाला फालतू लफडं?"

मला वाटलं, ताई मला उचलून तडक बाहेर पडतील. त्यांनी मला उचललं खरं. मग त्यांच्याच अंगठ्याने द्वारकाबाईचा आवाज पुसला.

दुसऱ्या दिवशी छापून आलं: 'भाविक महिलेचा चक्कर येऊन मृत्यू, प्रवचन शांततेत संपन्न.' खाली ताईंचं नाव.

तिसऱ्या दिवशी द्वारकाबाई ऑफिसात आली. "छापलं नाही तर राहू द्या. पण मी बोलले ते तरी द्या. पोलिसांना ऐकवते."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. टेबलावर मी पडलो होतो, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मशीन बिघडली हो त्या दिवशी. काही रेकॉर्डच नाही झालं."

त्यानंतर त्यांनी मला कधी हातात घेतलं नाही. खणात आमंत्रणपत्रिकांखाली माझे सेल पाझरताहेत.

मित्रांनो, जुन्या यंत्रांवरची धूळ तुम्ही पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणी रडत रडत भरवशाने सांगितलेलं पुसू नका. आणि पुसलंच, तर त्याचं खापर आमच्या डोक्यावर फोडू नका.

मी बिघडलो नव्हतो.