उलटं मळसूत्र

बाई फोनवर ओरडल्या नाहीत, तिथेच माझं धाबं दणाणलं. एरवी चित्रातला एखादा बाण जरा जाड झाला तरी घर डोक्यावर घेणाऱ्या या प्राध्यापिका. जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी त्या पुस्तक लिहितायत आणि त्यातली चित्रं मी काढतेय. आज मात्र आवाज अगदी मऊ. "अगं, छपाईआधीची पानं बघत होते. तिसऱ्या धड्यातलं मळसूत्र डावं झालंय. तुझ्याकडून असं कधी होत नाही. बरी आहेस ना?"

"बघते," म्हणाले आणि फोन ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, एका मळसूत्राचं काय एवढं! तर ऐका. प्रथिन म्हणजे एक लांबलचक साखळी. ती वळत, घड्या घालत आपल्या ठरलेल्या आकारात बसते, तेव्हा कुठे कामाची होते. मी तो आकार फितीसारखा काढते, कुठे सपाट बाण, कुठे पिळाचं मळसूत्र. आणि हे मळसूत्र तुमच्याआमच्या शरीरात उजवंच असतं. उजव्या हाताचा अंगठा वर धरायचा, बोटं ज्या बाजूला वळतात त्या बाजूने पीळ वर चढला पाहिजे. डावं काढणं म्हणजे माणसाचं काळीज उजवीकडे काढण्यासारखं. माझा धाकटा भाऊ बारक्या तर चिडवतो, ताईला कपडे वाळत घालायची दोरी गुंडाळायला दिली तरी आधी अंगठा वर करून बघेल.

मग हे डावं आलं कुठून? उत्तर मला ठाऊक होतं.

बाबांचं असंच सुरू झालं होतं. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. एकदा चिमट्यातून स्क्रू निसटला आणि त्यांना कळलंच नाही. "म्हातारा झालो की काय!" म्हणून हसले. मग बोटांची टोकं बधिर झाली, मग पाय, शेवटी हृदय. डॉक्टर म्हणाले, शरीरातलं एक प्रथिन चुकीची घडी घेतंय आणि तो कचरा नसांत साचतोय. आता औषध निघालंय, पण सुरुवातीलाच धरलं तर उपयोग. मुलांत उतरेल की नाही? निम्मी शक्यता. रक्त तपासून घ्या म्हणाले. आम्ही दोघांनीही घेतलं नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," आई म्हणाली आणि आम्हाला तेच हवं होतं.

दुसऱ्यांच्या पोरांना घड्या समजावून सांगते मी, आणि स्वतःच्या रक्तातली घडी बघायची हिंमत नाही. वा गं शहाणे!

टाक उचलला, डोळे मिटले आणि निब बोटावर टोचली. दुखलं. पण खरंच दुखलं, की दुखावं असं वाटत होतं म्हणून दुखलं? पुन्हा टोचली. चहाच्या गरम कपाला हात लावला, चटका बसला, तरी जीव थाऱ्यावर येईना.  

शेजारच्या खोलीतून बारक्या आला. माझी चित्रं कॉम्प्युटरवर पानात बसवायचं काम तोच करतो. दोन्ही हातांनी चहाचा मग धरला होता. गेल्या आठवड्यात एक कप फोडला तेव्हा धांदरट म्हणून मी त्याचा चांगलाच उद्धार केला होता.

"काय गं, भूत बघितलंस?"

"भूत परवडलं. बारक्या, माझा हात गेला रे. बाबांसारखा." आणि मी चक्क रडायला लागले.

सगळं ऐकून त्याचाही चेहरा पडला. पण मग म्हणाला, "वेडी आहेस का? आधी मूळ चित्र तरी बघ."

खरंच की! घाबरलेल्या माणसाची अक्कल गहाण पडते ती अशी. कपाटातून मूळ कागद काढला, अंगठा वर धरला. उजवं. पुन्हा धरला. उजवंच! छापलेलं पान शेजारी ठेवलं. अख्खं चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं. नावं तेवढी सरळ, कारण ती बारक्या मागाहून टाकतो.

माझा हात शाबूत होता. देवा रे! मी त्या कागदाचा मुका घ्यायची बाकी होते. आणि मग आला तो राग.

"अरे गाढवा! तू उलटं केलंस! जीव गेला असता माझा इथे!"

"मी? मी कशाला उलटं करू?"

"मुद्दाम नाही रे. उलटं करायचं बटण चुकून दाबलं असशील."

"नाही दाबलं, ताई. शपथ. दाबलं असतं तर बोटाला कळलं असतं ना..."

तो थांबला. हातातला मग खाली ठेवला आणि स्वतःच्या बोटांकडे बघायला लागला. मीही बघत होते. फुटलेला कप, दोन्ही हातांनी धरलेला मग, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं.

"इकडे ये," मी म्हणाले. "बस. हात दे. काही नाही रे, उगाच बघू."

"ताई, काही नसेल ना?"

"नसेल. डोळे मीट."

त्याने लहानपणी मिटायचा तसे घट्ट मिटले. मी त्याची तर्जनी धरली, निब टेकवली आणि दाबली. आणखी दाबली. बोटावर रक्ताचा थेंब आला.

"टोच ना गं," डोळे मिटूनच तो म्हणाला. "किती वेळ घाबरवतेस!"