पडद्याच्या दोन बाजू

रझियाची मान डावीकडे वळेनाशी झाली. ती येरवड्याजवळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत रात्रपाळीत अमेरिकेतल्या ग्राहकांच्या अडचणी सोडवायची. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरायचा आणि दोन्ही हातांनी टाइप करत राहायचं, असं तिचं काम. गोळ्या झाल्या, मलमं झाली, गळ्यात पट्टा झाला. एक्स-रेमध्ये काही निघालं नाही. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनीच तिला ॲक्युपंक्चर करणाऱ्या डॉ. शर्मिलांकडे पाठवलं.

नवरा खालिद कामावर होता, म्हणून सासरे युसूफ तिला रिक्षाने घेऊन आले. त्यांनी मार्केट यार्डात आयुष्यभर हमाली केली होती. बोलणं कमीच. रिक्षातही ते गप्पच होते. घरात सगळे ‘सोड ती नोकरी’ म्हणत होते. अब्बा, म्हणजे युसूफ, तेवढे काही म्हणाले नव्हते, आणि रझियाला त्याचीच जास्त धास्ती वाटत होती.

दवाखान्यात पिशवी खुंटीला अडकवताना युसूफनी डावा हात वापरला. उजवा तसाच लोंबत राहिला. डॉक्टरांनी ते पाहिलं.

“चाचा, उजवा हात वर करा बघू.”

“माझं काही नाही. हिचं बघा.”

“तिचं बघणारच आहे. तोवर तुम्ही नुसते बसून तरी काय करणार?”

मग पडद्याच्या एका बाजूला रझिया आणि दुसऱ्या बाजूला युसूफ, अशी दोघं पालथी झोपली. केसासारख्या बारीक सुया मानेत, खांद्यांत, अंगठ्याजवळ टोचल्या गेल्या. हलायचं नाही असं बजावून डॉक्टर बाहेर गेल्या.

“दुखतंय का, बेटा?” पलीकडून आवाज आला.

“नाही अब्बा. जड वाटतंय नुसतं.”

पंख्याच्या घरघरीत युसूफ बोलू लागले.

“माझा खांदा गेला तेव्हा वजनकाट्यावर माणूस हवा होता. बसून करायचं काम. मी मागितलंच नाही. लोक म्हणतील, युसूफ संपला. दुसऱ्या खांद्यावर पोती घेत राहिलो.”

रझियाला आपलं ऑफिस आठवलं. तीही ऑफिसात कुणाला काही बोलली नव्हती. मुली असतातच नाजूक, असं कुणी म्हणायला नको, म्हणून.

“अब्बा, मी नोकरी सोडू का?”

“सोडायचं नंतर बघ. आधी मागून तर बघ.”

सुया काढल्यावर तिची मान थोडी वळली. खांद्यातला पीळ सैल झाल्यासारखा वाटला, आणि का कोण जाणे, तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ती मॅनेजर अनिरुद्धकडे गेली. हेडसेट आणि दिवसाची शिफ्ट मागितली. “अगं, आधी बोलायचं ना!” तो म्हणाला. हेडसेट लगेच मिळाला. शिफ्टला मात्र तो सरळ नाही म्हणाला. ती दर महिन्याला विचारत राहिली. पावसाळा संपता संपता होकार आला.

उपचार चालू राहिले. रझियाची मान बरीच मोकळी झाली, तरी काम वाढलं की पुन्हा आखडायची. युसूफचा हात खांद्यापर्यंत वर जाऊ लागला. जुनं दुखणं आहे, याहून वर जाणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

“एवढा पुरे,” युसूफ म्हणाले, आणि आता रिक्षात ते तिच्याशी तिच्या कामाबद्दल बोलू लागले.