परातीतलं पिवळं पाणी

रविवार उजाडला की खाडीपलीकडच्या गावांतून होड्या यायला लागत. कुणी म्हाताऱ्या बापाला पाठुंगळीवर घेतलेलं, कुणाच्या कडेवर पोर, कुणी नुसतंच बघायला आलेलं. मिठागरातली कामं तशीच टाकून माणसं गावदेवीच्या देवळापुढच्या मांडवात दाटीवाटीनं बसत. मांडवात मधोमध पितळेची परात, परातीत नितळ पाणी. काविळीचा रोगी पुढं बसला की दाजीबुवा त्याच्या तळहातांना तांब्यातलं देवीचं तीर्थ चोळत आणि हात परातीत बुडवायला सांगत. रोगी हात हातावर चोळायला लागला की बोटांच्या बेचक्यांतून पिवळं सुटे. बघता बघता सगळी परात पिवळीजर्द होई, आणि मांडवभर हात जोडले जात.

दाजीबुवा रोह्यापलीकडच्या डोंगराकडचे. आवाज खणखणीत आणि तोंड सतत चालू. "डॉक्टरची सुई कातडीपर्यंत जाते, माझ्या आईचं तीर्थ हाडापर्यंत जातं," असं म्हणत ते परात चौफेर फिरवून दाखवत. पाणी फिकं पिवळं झालं तर कावीळ नवी, गडद झालं तर जुनाट. म्हणजे पाणी कसंही झालं तरी बुवा बरोबरच! तीन रविवार हात धुवायचे, तोवर डॉक्टरचं औषध तोंडात घ्यायचं नाही, घेतलं तर देवी पाठ फिरवते, ही अट. आता, बहुतेकांची कावीळ थोडा आराम मिळाला की आपसूक उतरते. ती उतरली की श्रेय परातीला, आणि नाही उतरली तर रोग्यानं पथ्य मोडलं म्हणायचं. असा बिनतोट्याचा धंदा दुसरा नसेल.

गर्दीच्या मागं एक उंच, गोरी बाई उभी असे. उन्हानं नाकाची सालं निघालेली, अंगात चुरगळलेलं सुती पातळ. ती इंग्रिड. डेन्मार्कमधली डॉक्टर, एका सेवाभावी संस्थेतर्फे दोन वर्षांसाठी खाडीकाठच्या या खाऱ्या जमिनीत, खारेपाटात, आलेली. गावानं तिचं नाव इंदूबाय करून टाकलं होतं, आणि तिलाही ते आवडायला लागलं होतं.

चौऱ्याहत्तर सालचा वैशाख चालू होता. इंग्रिडचा दवाखाना म्हणजे मिठाची एक जुनी वखार. त्या भिंतींत इतकं मीठ मुरलेलं की दिलेला चुना टिकेना, आठवड्या-पंधरवड्यानं पापुद्रे सुटून औषधांच्या बाटल्यांवर पडत. सकाळी मिठागरातली माणसं पाय दाखवायला येत. खाऱ्या पाण्यात दिवसभर उभं राहून त्यांच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असत. इंग्रिड त्या धुई, मलम लावी, फडकं बांधी, आणि माणूस दवाखान्यातून निघून थेट मिठाच्या पाण्यात जाऊन उभा राही. दुपारी जुलाबाची पोरं येत. तिचं मराठी पुण्यात पुस्तकावरून शिकलेलं. "आपण शौचास केव्हा गेला होतात?" असं ती मिठागरातल्या गड्याला विचारी तेव्हा बाया पदर तोंडाला लावून हसत. मग नर्स सगुणा तोच प्रश्न गावच्या बोलीत विचारी. सगुणा सडकेवरच्या, झाडाझुडपांच्या गडबची, त्यामुळे तिचं बोलणंही इथल्या लोकांना थोडं शहरीच वाटे.

माणसांचा इंग्रिडवर जीव होता. पण भेगांना इंदूबाय आणि काविळीला दाजीबुवा, ही वाटणी त्यांनी मनाशी पक्की केली होती. ती पाणी उकळून प्या म्हणे. उकळायचं कशावर? खाऱ्या जमिनीत झाड उगवत नाही, सरपण होडीनं आणावं लागे. शिवाय गावाचं एक तळं होतं, बांधाच्या आत, गोड्या पाण्याचं. या लोकांना जन्मापासून पाण्याचा एकच दोष ठाऊक, तो म्हणजे खारटपणा. जिभेला गोड लागलं की ते पाणी चांगलं, संपला विषय. त्याच तळ्याच्या काठाशी वैशाखात सगळा गाव परसाकडं बसायला जातो, तळं आटत आटत चाललंय आणि घाण त्यातच उतरतेय, कावीळ त्याच पाण्यातून येते, हे इंग्रिडनं किती वेळा सांगितलं. लोक मान हलवत आणि हंडे भरत.

गावातल्या कान्हूच्या बायकोला, मालूला, आठवा चालू होता. पहिलंच बाळंतपण. ती दवाखान्यात आली ती ओकाऱ्या थांबत नाहीत म्हणून. इंग्रिडनं तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. डोळ्यांचं पांढरं उरलंच नव्हतं. अशा दिवसांत बाईला कावीळ झाली तर ती इतरांसारखी उतरतेच असं नाही. कित्येकींची आधी झोप वाढते, मग बोलणं बरळल्यागत होतं, आणि मग त्या उठतच नाहीत. दिल्लीला पूर्वी अशीच साथ आली होती, तिच्याबद्दल तिनं वाचलं होतं. मालूला लगेच अलिबागच्या मोठ्या दवाखान्यात नेलं पाहिजे, असं तिनं कान्हूला आणि त्याच्या आईला, ठमाबाईला, सांगितलं.

ठमाबाई काही वाईट बाई नव्हती. सुनेचे पाय चेपून देणारी सासू गावात ती एकटीच. पण परक्या गावच्या दवाखान्यात, पुरुष डॉक्टरांच्या हाती सून द्यायचं तिच्या जिवावर आलं. आधी बुवांकडं एकदा हात धुऊ, मग बघू, असं ठरलं. त्या रविवारी मालूनं परातीत हात बुडवले, आणि पाणी असं पिवळं झालं की पुढं बसलेल्या बाया मागं सरकल्या.

इंग्रिड मांडवाबाहेर कान्हूला गाठून म्हणाली, की हे खोटं आहे, कावीळ हातातून निघत नाही.

कान्हू तसा शांत गडी. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पिवलं कुठनं आलं?"

यकृत, पित्त, रक्त असं सगळं इंग्रिड सांगत बसली, सगुणानं ते जमेल तसं मराठीत आणलं, पण परातीत पिवळं कुठून आलं ते काही त्यात नव्हतं. कान्हूनं थोडं थांबून पाहिलं आणि तो आत गेला. दाजीबुवांकडं उत्तर होतं, आणि ते त्याच्या डोळ्यांसमोर परातीत तरंगत होतं.

तो आठवडाभर इंग्रिड रोज त्यांच्या दारात जात राहिली. मालू उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसलेली असे. पहिल्यांदा ती हसून "या बाय" म्हणे. मग नुसतं हसायला लागली. ठमाबाई म्हणे, बघा, ओकाऱ्या थांबल्या, आता पोरीला झोप लागते छान. झोप लागते हे ऐकलं की इंग्रिड पुन्हा अलिबागचं बोलायला लागे. तिनं विनवण्या केल्या, एकदा तर ओरडली. परक्या बाईनं दारात येऊन ओरडावं हे शेजाऱ्यांना पटलं नाही.

पुढच्या रविवारी मालूला कान्हूनं जवळजवळ उचलूनच मांडवात आणलं. दाजीबुवा तिच्या हातांना तीर्थ चोळत असतानाच इंग्रिड गर्दीतून घुसली, तिनं मालूचे दोन्ही हात धरले आणि ओढले. चारजणींनी तिला बाजूला केलं. देवीच्या दारात असं करू नये, असं त्या समजुतीनंच म्हणाल्या. ती रडकुंडीला येऊन दवाखान्यात परतली. सुट्टीचा दिवस साधून सगुणा भिंतींना चुना देत होती. काहीतरी करायचं म्हणून इंग्रिडनं तिच्या हातातला कुंचला घेतला आणि बादलीत बुडवला. चुन्याचं पाणी मनगटावरून ओघळलं. ओघळलं तिथं तिचा तळवा पिवळा झाला. ती बघत राहिली. तिनं दुसरा हात बादलीत घातला. तोही पिवळा. दुधासारख्या पांढऱ्या हातांवर मालूच्या तीर्थ लावलेल्या बोटांचे ठसे उठले होते, पिवळेजर्द.

"सगुणा, मला कावीळ झाली आहे का?" असं विचारून ती इतक्या मोठ्यानं हसली की सगुणा घाबरली. मग दोघी धावत सुटल्या.

मांडवात मालूचे हात धुऊन झाले होते, परात फिरत होती. मालू एका कुशीवर निजली होती. इंग्रिड पुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं बुवांना हात जोडले. मलाही देवीचं सामर्थ्य अनुभवायचं आहे, असं ती आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाली. बुवा खूश झाले. गोऱ्या बाईलासुद्धा शेवटी आई आठवली, असं त्यांनी लोकांना सांगितलं, आणि नवी परात भरायला लावली.

मांडवाच्या खांबाला कान्हूचं वल्हं टेकून ठेवलेलं होतं. इंग्रिडनं ते उचललं, तांब्यातलं तीर्थ त्याच्या दांड्याला चोळलं, आणि बुवांना काही कळायच्या आत दांडा परातीत घातला. पाणी पिवळं झालं. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "वल्ह्याला काविल झाली गो." आणि हशा पिकला.

इंग्रिड थांबली नाही. जनू नावाच्या म्हाताऱ्याला खरोखरच कावीळ होती, डोळे हळदीसारखे. त्याचे हात तिनं साध्या पाण्यानं स्वच्छ धुतले, तीर्थ न लावता, परात पुन्हा भरून घेऊन तीत बुडवले. पाणी जसंच्या तसं नितळ राहिलं. परातीत पाणी नसून चुन्याची निवळी आहे हे एव्हाना कुणीतरी बोट बुडवून चाटून पाहिलं होतं. दाजीबुवा देवीच्या कोपाचं बोलत होते, पण त्यांचा एक हात शेजारच्या पिशवीकडं गेलेला कान्हूनं पाहिला. त्यानं पिशवी उलटी केली. आतून सालींचे तुकडे पडले. खारेपाटातल्या माणसांनी ते हातात घेऊन फिरवले, कुणालाच ओळखता येईना. सगुणानं वास घेतला. आंब्याची अंतरसाल. ती कुटून पाण्यात भिजवायची, ते पाणी हातांना लावायचं, आणि वर चुना लागला की पिवळं. झाडच जिथं उगवत नाही तिथल्या माणसांना झाडाच्या सालीनं फसवायचं, म्हणून तर बुवा डोंगर सोडून इतक्या लांब येत होते. हशा पुन्हा उसळला, पोरं वल्हं घेऊन नाचायला लागली, आणि त्या गोंधळात बुवा ओहोटीच्या उरल्यासुरल्या पाण्यावर निघालेल्या पलीकडच्या गावाच्या होडीत जाऊन बसलेसुद्धा.

इंग्रिडही हसत होती. जिंकल्याचा आनंद तिलाही झाला होता. हसत हसतच ती मालूपाशी बसली आणि तिनं तिला हाक मारली.

मालू उठली नाही. गालावर थापट्या मारल्या, नख दाबलं, तरी नुसतं कण्हली. इतक्या कल्लोळात ही पोर हललीसुद्धा नव्हती, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सगळे परातीकडं बघत होते. हशा पुढच्या रांगेपासून मागं विझत गेला.

सडकेकडं जाणारा बांध मागच्या उधाणात फुटलेला, तिथून झोळी नेणं शक्य नव्हतं. खाडीनं धरमतरला जायचं, तिथून गाडीनं अलिबाग. मालूला कान्हूच्या होडीत निजवलं. पण एव्हाना पुरती ओहोटी झाली होती. खाडीचं पाणी दूर मध्ये जाऊन बसलेलं आणि होडी चिखलात रुतलेली. मग चमत्कार बघायला आलेली ती सगळी माणसं, बाया, म्हातारेसुद्धा, मांड्यांपर्यंत चिखलात उतरली आणि होडी ढकलायला लागली. ठमाबाई एका बाजूनं खांदा लावून ढकलत होती आणि सुनेला हाका मारत होती. होडी हातभर सरके, पुन्हा रुते. इंग्रिड आत बसून नाडी धरून होती. पाणी अजून लांब असतानाच तिच्या बोटांखालचं ते चालणं थांबलं. पोटातलं लेकरू त्याच्या आधीच गेलं होतं. तिनं मनगट तसंच धरून ठेवलं, आणि माणसं आणखी बराच वेळ ढकलत राहिली.

अलिबागला वेळेवर नेली असती तर मालू वाचली असतीच, असं इंग्रिड कधी म्हणाली नाही. हा रोग तिथल्या डॉक्टरांनाही दाद देतोच असं नाही. पण तिला एक संधी मिळायला हवी होती, आणि ती परातीत बुडाली.

मालूचं तेरावं झाल्यावर कान्हू दवाखान्यात आला. बरोबर शेजारच्या घरातली रंभा होती, सहा महिन्यांची पोटुशी, डोळे पिवळे. तिचा नवरा मागं उभा. भरती अर्ध्यावर आली आहे, होडी तयार आहे, आताच निघू, एवढंच कान्हू म्हणाला. इंग्रिडनं बसून अलिबागच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. तिनं पेन खाली ठेवलं. त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मला उत्तर देता आलं असतं तर, असं काहीसं ती अर्धवट मराठीत म्हणाली.

कान्हूनं मान हलवली. "तुमाना उत्तर आलं नाय, म्हनून आमी तुमाना खोटं धरलं. त्याच्याकडं उत्तर व्हतं, म्हनून त्याला खरं धरलं," तो म्हणाला. "उत्तर कोनीबी देतंय, बाय. आमी त्याला म्हनायला पायजे व्हतं, माज्या धड हातांना लाव तुजं तीर्थ, बघू काय निघतंय ते. येवढंच इचारायचं व्हतं. माजे हात व्हते ना माज्याजवल."

बोलता बोलता त्यानं आपले हात पुढं केले. मिठानं चिरलेले, भेगाळलेले, कसलाही रोग नसलेले हात. मग ते मागं घेऊन त्यानं रंभाला आधार दिला, आणि ती तिघं भरतीच्या पाण्याकडं निघाली.