चुलींची मोजदाद

सेलूच्या शाळेत श्रीधर इंग्रजी शिकवायचा. १९८९च्या उन्हाळ्यात एका परदेशी संस्थेचा साहेब खेड्यातल्या चुलींचा धूर मोजायला आला, तेव्हा दुभाषा म्हणून त्याचंच नाव पुढे आलं. पोरांना कर्तरी-कर्मणी घोकवून विटलेल्या श्रीधरला साहेबाशी त्याच्याच भाषेत बोलायला मिळणार होतं. त्याची मान ताठ झाली.

केळझरपलीकडच्या एका टोलीवर, वीसेक घरांच्या वस्तीवर, दोघं गेले. तिथं विजेचे खांब रोवून चार वर्षं झाली होती, तारा मात्र आल्या नव्हत्या. म्हाताऱ्या देवकाबाईच्या चुलीशी साहेबानं एक यंत्र ठेवलं, जळणाच्या पऱ्हाट्या, कपाशीच्या वाळल्या काड्या, तोलल्या, गोवऱ्या मोजल्या. घामानं निथळत होता, पण काम मन लावून करत होता.

"काहाले मोजून राह्यला हा?" देवकाबाईनं विचारलं.

धुरानं साऱ्या जगाची हवा तापतेय, पुढे पाऊसपाणी बिघडेल, म्हणून कुठून किती धूर निघतो ते पाहताहेत, असं श्रीधरनं सांगितलं.

देवकाबाईनं फुंकणी खाली ठेवली. "मंग त्याईले इचारा मास्तर, त्याईच्या मुलकात किती धूर निघते? मोटारी पळते, इमानं उडते, कारखाने चालते. ते कोन मोजते? अन् आमच्या टोलीवर लाइट येऊ देतीन का नाई, हेबी इचारा."

"काय म्हणतेय ती?" साहेबानं विचारलं.

श्रीधरच्या ओठांवर वाक्य तयार होतं. पण आदल्याच दिवशी साहेब म्हणाला होता, पुढल्या वर्षी आमच्याकडे परिषद आहे, तुझ्यासारखा माणूस तिथे हवा.

"धुरानं डोळे चुरचुरतात म्हणते," श्रीधर म्हणाला. "यातून सुटका व्हावी म्हणते."

साहेबानं लिहून घेतलं.

परिषदेचं बोलावणं काही आलं नाही. वर्षभरानं टपालानं अहवाल आला. आत फुंकणी फुंकणाऱ्या देवकाबाईचा फोटो होता, खाली नाव नव्हतं. गरीब देशांच्या चुलींचा धूर जमेस धरावा, असं त्यात म्हटलं होतं. हे देश कोळशाच्या विजेमागे लागले तर जगाचं काही खरं नाही, तेव्हा त्यांच्या नव्या वीजघरांना मदत देताना विचार करावा. तिथल्या बायकांचीही तक्रार फक्त धुराचीच आहे.

श्रीधर अहवाल घेऊन टोलीवर गेला. देवकाबाई तूर निवडत होती. त्यानं सगळं मराठीत वाचून दाखवलं.

"अन् म्या इचारलं ते कुठी हाय?"

"मी ते सांगितलंच नाही, देवकाबाई."

तिचा हात सुपात थांबला. "तो तं परका होता मास्तर. त्याले आपली बोली समजत नव्हती. तुमाले समजत होती ना?"

ती पुन्हा तूर निवडू लागली. बस म्हणाली नाही, चहाचं विचारलं नाही.

घरी येऊन श्रीधरनं संस्थेला पत्र लिहिलं. देवकाबाईचा प्रश्न शब्दन् शब्द इंग्रजीत उतरवला, आपली लबाडीही कबूल केली. दीड महिन्यानं छापील कार्ड आलं: अभ्यास पूर्ण झाला आहे, सहकार्याबद्दल आभार.

ते कार्ड टोलीवर न्यायचं त्याच्या मनात दोनदा आलं. केळझरच्या फाट्यावरून दोन्ही वेळा तो परत फिरला.